बिनलाखोरीची बांधी

धानकापणी आटोपली की माझा उजवा गुडघा आधी बोलतो, मग बाकीचं सगळं. पहाटे गारठा असतो, कापलेल्या धानाच्या खुंटांवर दव असतं, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगांतून ओलसर गोड वास येत असतो, आणि गुडघा म्हणतो, चला गुरुजी, फुटबॉलचे दिवस आले. यंदाही बोलला. मी त्याला म्हणालो, बाबा रे, आपण आता निवृत्त झालो, शिट्टीसुद्धा शाळेच्या कपाटात ठेवून आलो. तरी ठणकायचा तो ठणकतोच. सेवानिवृत्तीचा आदेश त्याच्यापर्यंत पोचलेला दिसत नाही.

नोकरी संपली की माणसाला मोकळं वाटतं म्हणतात. मला थकल्यासारखं वाटतं. मुख्याध्यापक असताना थकायलाही फुरसत नव्हती. ही माहिती तातडीने भरा, ती यादी आजच पाठवा, पोषण आहाराचा तांदूळ निवडला का ते बघा, मतदार याद्या घेऊन दारोदार हिंडा, आणि एवढ्यातून वेळ उरला तर शिकवा. तो सगळा शिणवटा कुठेतरी साठून राहिला असावा. आता दुपारी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, खाट टाकून पडलो की तो एकेक करून वर येतो. माझी बायको शोभा तिथेच मिरच्या वाळत घालत असते.

"अवो, किती पडून राहता? आंग आंबून जाईन."

"छत्तीस वर्षं उभा होतो. थोडं पडू दे."

"उभे कायचे होते? अर्धे दिवस तं बालावानी बॉलच्या मागं पयत होते."

ती सानगडीची आहे. सानगडीच्या माणसांना उत्तर देऊन काही उपयोग नसतो, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं.

खाटेवरून माझ्या जुन्या विद्यार्थ्याची, लीलाधरची बांधी दिसते. आमच्याकडे धानाच्या शेताचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेले असतात. अशा एका तुकड्याला बांधी म्हणतात. लीलाधरची गावाकडची ही बांधी सगळ्यांत वरची, सगळ्यांत मोठी आणि पोळपाटासारखी सपाट. तिच्या एका कोपऱ्यात यंदाही हिरवागार पट्टा दिसतो आहे. ऐन थंडीत उगवलेली धानाची कोवळी रोपं. पाहणाऱ्याचे डोळे निवावेत असा तो रंग आहे. माझे निवत नाहीत. मला गेल्या वर्षीचा हंगाम आठवतो.

त्या बांधीची गोष्ट सांगायची तर आधी लाखोरीची सांगायला हवी. भंडाऱ्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. धान उभं असतानाच, जमिनीत ओल असताना, त्यात लाखोरीचं बी फेकतात. धान कापून नेलं की खुंटांमधून लाखोरीचे कोंब वर आलेले दिसतात. वेगळी नांगरट नाही, पाणी नाही, उरलेल्या ओलीवर डाळ पिकते. त्यामुळे हिवाळ्यात इथे एकही बांधी मोकळी नसते. लीलाधरचे वडील बकारामभाऊ मात्र या एका बांधीत कधीच लाखोरी टाकत नसत. धान निघालं की ती बांधी पोरांची.

याची सुरुवात कशी झाली ते मी पाहिलं आहे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं जुनं गाव गेलं आणि आम्ही या नव्या जागी येऊन वसलो, त्या पहिल्या वर्षी पोरं रस्त्यावर खेळायची. सिमेंटचा रस्ता, सारखी सारखी घरं, कोणाच्याही अंगणात झाड नाही. चेंडू एका घरावर आपटला की चार घरची माणसं बाहेर यायची. बकारामभाऊ ते ओट्यावर बसून बघत. त्यांनी नुकतीच ही जमीन घेतली होती. त्या वर्षी त्यांनी सगळीकडे लाखोरी फेकली आणि वरची बांधी सोडली. मी विचारलं तर म्हणाले, "बी पुरलं नाई, गुरुजी." पुढच्या वर्षीही पुरलं नाही. मग मी विचारणं सोडून दिलं.

जुन्या गावात आम्हाला मैदानाची कधी काळजी नव्हती. वैनगंगेची रेती होती. मी नोकरीला लागलो तेव्हा शाळा नदीच्या काठावर होती आणि चौथीच्या वर्गाची खिडकी थेट पात्राकडे उघडायची. त्या खिडकीपाशी लीलाधर बसायचा. फळ्याकडे त्याची पाठ आणि नदीकडे तोंड. ओरडून ओरडून मी थकलो आणि शेवटी त्याला गोलकीपर केला, कारण समोरून येणारी वस्तू बघत राहायची सवय त्याला आधीच होती. पायात चप्पल नाही, हातात मोजे नाहीत, दोन बांबू रोवायचे आणि मासे धरणाऱ्यांचं फाटकं जाळं त्यांना बांधायचं. चेंडू दर दोन दिवसांनी नदीत जायचा. खालच्या अंगाला जाळी टाकणारे लोक दुसऱ्या दिवशी तो शाळेत आणून द्यायचे आणि म्हणायचे, "घ्या गुरुजी, तुमचा मासा."

गाव उठलं तेव्हा शाळेची दारंखिडक्याही निघाली. सामान काढणाऱ्या माणसाकडून मी चौथीच्या खिडकीची लोखंडी जाळी मागून घेतली. का घेतली ते मला नीट सांगता आलं नसतं. नव्या घराला खिडक्या होत्याच. कित्येक महिने ती सांदवाडीत भिंतीला टेकून गंजत पडली होती. मग एका हिवाळ्यात शोभाने चार विटा मांडल्या, त्यावर ती आडवी टाकली आणि खाली तुराट्या पेटवल्या.

तेव्हापासून ती जाळी हा माझा दुसरा छंद. पहिला फुटबॉल, दुसरा भाजणं. वांगी, रताळी, वाफेवर फुटणाऱ्या पोपटीच्या, म्हणजे वालाच्या शेंगा, अड्याळच्या बाजारात चांगली मिळाली तर मरळ मासळी. गावातले लोक म्हणायचे, हेडमास्तरले बायकायचं काम आवडते. आवडतं तर आवडतं. वांगं भाजायचं एक शास्त्र आहे आणि त्या शास्त्रावरून शोभाचं माझं गेली अनेक वर्षं पटलेलं नाही. माझं म्हणणं, आधी तणसाचा भडका द्यावा म्हणजे साल करपते आणि धुराचा वास आत शिरतो, मग तुराट्यांच्या निखाऱ्यावर ते सावकाश मऊ होऊ द्यावं. तिचं म्हणणं, सानगडीला फक्त तणसावर भाजतात आणि तरी तिथलं भरीत इथल्यापेक्षा बरं लागतं. मग मिरच्या त्याच जाळीवर, कांद्याची पात कच्ची, वरून जवसाचं तेल. वांग्याच्या सालीवर जाळीचे चौकोन उमटायचे. ज्या खिडकीतून लीलाधर नदी बघायचा, तिचे ते चौकोन. हे माझ्या मनात दर वेळी यायचं आणि दर वेळी मी ते कोणाला सांगायचं टाळायचो.

दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी त्या बांधीत आमची मॅच व्हायची. शाळेचे माजी विद्यार्थी एका बाजूला, चालू विद्यार्थी दुसऱ्या बाजूला. माझ्या बदल्या होत राहिल्या, पण घर मी याच गावात बांधलं होतं, त्यामुळे मॅच कधी चुकली नाही. शेवटची सहा वर्षं तर इथलाच मुख्याध्यापक होतो. अकरा पोरं जमत नाहीत म्हणून पोरींना संघात घेतलं, असं मी वरिष्ठांना सांगत असे. खरं कारण एवढंच की पोरी चांगल्या खेळत होत्या. मॅच झाली की दोन्ही संघ आमच्या सांदवाडीत जेवायला. गोलचे चार बांबू उपटून तेही सांदवाडीतच यायचे, कारण बांधी उसनी होती आणि उसन्या जागेत काही रोवून ठेवायचं नसतं. वर्षभर ते बांबू भिंतीला टेकून उभे असत आणि शोभा त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवत असे.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो.

गावात अर्ज लिहायचा असला की लोक माझ्याकडे येत. माझं अक्षर चांगलं आहे आणि 'सदर', 'तरी', 'नम्र विनंती' हे शब्द माझ्याकडे कायम तयार असतात. बकारामभाऊ नव्या गावात आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी आले आणि म्हणाले, "गुरुजी, नहराच्या पाण्याचा अर्ज लिवून द्या. आपलं गाव पाण्यात गेलं, आता पाणी आपल्या वावरात तं येऊ द्या." मी लिहून दिला. आसपासच्या दहा-बारा शेतकऱ्यांची नावं, गट क्रमांक, अंगठे, सह्या. नहर म्हणजे धरणाचा कालवा. पुढच्या वर्षी पुन्हा. सोळा वर्षं मी तो अर्ज लिहिला. पहिल्या अर्जाची प्रत ठेवली होती, तिच्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. त्यात एक वाक्य माझं मलाच फार आवडायचं: "सदर बांधी वरच्या अंगाला असून तिच्यातूनच खालच्या सर्व बांध्यांना पाणी उतरते, तरी प्रथम पाणी या बांधीस मिळावे."

ती बांधी म्हणजे आमचं मैदान. वाक्य लिहिताना मला ते ठाऊक होतं. एकदा ओळीवर पेन थांबलाही होता. पण मी लिहिलं, कारण पाणी येईल यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. लोकांचं समाधान व्हावं म्हणून मी लिहीत होतो. समोर बसलेले बकारामभाऊ खरंच पाणी मागत होते आणि मी नुसतं अक्षर काढत होतो. ते वारले त्या वर्षी लीलाधर त्यांच्या जागी येऊन बसला. त्यालाही मी तेच वाक्य लिहून दिलं. लाखोरी टाकायचीही त्याने वडिलांसारखीच टाळली.

गेल्या वर्षी धान निघालं आणि बांधीच्या कोपऱ्यात मला तो हिरवा पट्टा दिसला. मी गाडी थांबवली. हिवाळ्यात धानाची रोपं टाकतात ती उन्हाळी धानासाठी, आणि विहिरीच्या पाण्यावर रोपं जगली तरी पुढचं धान जगत नाही. म्हणजे नहराला पाणी येणार होतं. अर्ज मंजूर झाला होता. आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. पण त्या आनंदाआधी संक्रांतीनंतरचा रविवार आठवला.

शाळेत पोचलो तर प्रणाली व्हरांड्यात उभी. लीलाधरची मुलगी, सातवीत, आमच्या संघाची पुढची खेळाडू. बापासारखीच वर्गात खिडकीबाहेर बघते, फक्त आता खिडकीतून नदी दिसत नाही, पाण्याची टाकी दिसते.

"सर, मॅच कोण्या रविवारी हाये?"

"संक्रांतीनंतर. दर वर्षीसारखी."

"बाबा तं सांगून राहिले का बांधीत चिखल होईन म्हणून."

"बघू नंतर," मी म्हणालो आणि ऑफिसात जाऊन बसलो. 'बघू नंतर' हे वाक्य मी मुख्याध्यापक झाल्यापासून इतक्या वेळा बोललो आहे की कधी कधी ते आपोआपच तोंडातून निघतं. ती चेंडूत हवा भरायचा पंप घेऊन गेली.

पुढचे आठ दिवस मी लीलाधरकडे जायचं टाळलं. माझी ती शेवटची मॅच होती. मला ती हवी होती, हे मी स्वतःशीही धड कबूल करत नव्हतो. सकाळी परिपाठाआधी मोबाइलवर परदेशातल्या सामन्यांचे गोल बघायची मला सवय, हिरवं गालिच्यासारखं मैदान, पन्नास कॅमेरे. त्या दिवसांत तेही बघवेना. शोभाच्या ते लक्षात आलं. "तोंड पाडून काहून बसले? जाऊन इचारा नं त्याले. तुमचाच पोरगा हाये तो, खाईन का तुमाले?"

गेलो. लीलाधर धुऱ्यावर फावड्याने माती चढवत होता. मला बघून त्याने डोक्याचं फडकं काढलं आणि तेच धुऱ्यावर अंथरलं.

"बसा गुरुजी. एवढ्या उनाचे काहून आले? मले बोलावलं असतं."

"पाणी कधी येते म्हणतात?"

"सोमवारी सोडून राहिले म्हणते." तो फावड्याचं पातं पायाने पुसत होता. "मॅचचं मले मालूम हाये, गुरुजी. तुमी म्हणान तं ही एक बांधी सोडून देतो. बाकीच्यात लावीन. बाबा असते तं त्यायनं सोडलीच असती."

हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. 'बरं होईल रे' असं माझ्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. आणि तेवढ्यात माझंच वाक्य मला आठवलं, तिच्यातूनच खालच्या सर्व बांध्यांना पाणी उतरते. वरची बांधी कोरडी ठेवली तर लीलाधरचंच नव्हे, खालच्या दहा जणांचं पाणी अडणार होतं. त्याने ते मला सांगितलं नव्हतं. गुरुजीसमोर कसं सांगणार? शिव्या खाल्ल्या असत्या गावाच्या, पण सांगितलं नसतं.

"नको रे," मी म्हणालो. "वरची कोरडी राहिली तं खालच्यांनं काय करावं?"

लीलाधरने मान वर केली. "मले वाटलं, तुमी इसरले असान."

"मीच लिहिलं होतं नं."

तो हसला. सोळा वर्षं वडिलांनी आणि त्याने वाट पाहिली होती, आणि त्या हसण्यात कुठेही माझ्यावर राग नव्हता, याचीच मला जास्त लाज वाटली. मग म्हणाला, "सोमवारी पाणी सुटन. रविवारी खेळून घ्या. संक्रांतीची कायले वाट पाहाची?"

त्या रविवारी दुपारी तीनला मॅच सुरू झाली. धुऱ्यावर सगळं गाव. प्रणालीच्या संघाच्या अंगात अड्याळच्या बाजारातल्या निळ्यापांढऱ्या जर्सी, माजी विद्यार्थ्यांच्या अंगात बनियन. गोलमध्ये लीलाधर, अडतीस वर्षांचा, पोट थोडं सुटलेलं, पण नजर तीच. मी शिट्टी घेऊन मधोमध. खुंटं पायाला टोचत होती, जमीन टणक होती, चेंडू दोन हात उंच उडत होता. उत्तरार्धापर्यंत एक-एक अशी बरोबरी होती. गुडघ्याने मघापासून हात टेकले होते, पण शेवटची वीस मिनिटं आहेत, तेवढी काढ म्हणून मी त्याला समजावत होतो.

आणि पाणी एक दिवस आधी आलं.

लीलाधरच्या गोलमागच्या कोपऱ्यात त्याने धुरा फोडून पाण्याला वाट करून ठेवली होती. तिथून ते आलं, आवाज न करता, पुढे वाळलेली पानं आणि फेस ढकलत. आधी कोणाला दिसलंच नाही. मग धुऱ्यावरच्या एका म्हातारीने "पाणी वं बाई, पाणी" म्हणून हाक मारली आणि सगळं गाव मॅच सोडून तिकडे धावलं. कोणीतरी पळत घरी जाऊन हळदकुंकू आणलं. ज्यांची घरं, देऊळ, आंब्याची झाडं पाण्याखाली गेली होती, ती म्हातारी माणसं वाकून त्याच पाण्याला हात लावत होती आणि तो हात डोळ्यांना लावत होती. मला रडू आलं. ते कशाचं होतं, हे आजही मला वेगळं करून सांगता येणार नाही. शिट्टी तोंडात होती आणि वाजवायचं सुचत नव्हतं.

लीलाधरही गोल सोडून गेला होता. फुटलेल्या धुऱ्यापाशी उकिडवा बसून तो पाण्यात हात बुडवून बघत होता. आणि शिट्टी वाजलेली नसल्यामुळे प्रणाली थांबली नव्हती. तिने चेंडू घेतला, दोघांना चकवलं आणि मोकळ्या गोलवर मारला. सरळ, जमिनीलगत, चांगला मारला होता. चेंडू पाण्यात शिरला, मंदावला, आणि रेषेच्या वीतभर अलीकडे थांबून तरंगायला लागला.

"गोल!" ती ओरडली. "सर, गोल द्या!"

"रेषेच्या आत गेला नाही बाई."

"पाणी नसतं तं गेला असता!"

सगळे हसले. लोक आनंदात होते, त्यांना कशानेही हसू येत होतं. फक्त लीलाधर हसला नाही. ओले हात तसेच धरून तो पोरीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "देऊन टाका, गुरुजी."

मी दिला नाही. शिट्टी वाजवली आणि मॅच बरोबरीत सुटली असं जाहीर केलं. नियम म्हणून बरोबरच होतं ते. पण आता दुपारी खाटेवर पडलो की जो प्रसंग पुन्हा पुन्हा वर येतो तो हाच. छत्तीस वर्षांत मी किती पोरांना कृपागुण देऊन पास केलं, आणि त्या पोरीला वीतभर पाणी माफ केलं नाही.

दिवस मावळायच्या आत सांदवाडीत जाळी तापली होती. तणसाचा भडका, मग तुराट्या. वांगी आधीच चिरून आत लसूण भरून ठेवली होती. दोन्ही संघ पाय धुऊन पोत्यांवर बसले, पण नेहमीसारखा कल्ला नव्हता. पोरांना हळूहळू कळत होतं की ही या बांधीतली शेवटची. लीलाधर चारही बांबू उपटून घेऊन आला. दर वर्षी त्यांच्या टोकांना कोरडी माती असायची, या वेळी चिखल होता. तो एका बाजूला बसून काडीने तो खरवडत होता. प्रणालीने पान पुढे ओढलंच नाही.

"खाऊन घे वं माय," शोभा तिला म्हणाली. "जेवणावर कायचा राग?"

"भूक नाई, काकू." मग माझ्याकडे बघून, "सर, आता आमी कुठी खेळाचं?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं आणि त्याचीच मला भीती होती. नवं गाव आखलं तेव्हा नकाशात क्रीडांगण म्हणून एक जागा सोडलेली होती, गावाच्या पाठीमागे. तिच्यावर बेशरमाची झुडपं आणि काटेरी बाभळी माजल्या आहेत, मुरूम उकरून नेल्याने मध्ये खड्डे पडले आहेत. आम्हाला बांधी मिळाली होती, म्हणून त्या जागेकडे मी कधी फिरकलोही नाही. नहराच्या पाण्यासाठी सोळा अर्ज लिहिले, त्या जागेसाठी एकही नाही.

"जागा आहे," मी म्हणालो. "पण साफ करून मिळायला अर्ज करावा लागेल."

"मंग करा नं."

"माझा अर्ज मंजूर व्हायला सोळा वर्षं लागतात, बेटा."

मी ते थट्टेत बोललो होतो. तिने ते थट्टेत घेतलं नाही. बोटांवर मोजलं. "म्हणजे मी एकोणतीस वर्षांची होईन." थोडं थांबून तिने विचारलं, "तवा खेळता येते का, सर?"

निखाऱ्यावर एक वांगं फुटून त्यातलं पाणी चरचरलं.

"येते," लीलाधर बांबूवरची नजर न उचलता म्हणाला. "मी नाई का खेळलो आज?"

"मंग आजच लिवा नं, सर. उद्या लिवसान तं आणखी एक रोज जाईन."

मी फार थकलो होतो. गुडघा सुजला होता, डोळ्यांत धूर गेला होता, आणि सहा महिन्यांनी मी कोणाचाच मुख्याध्यापक असणार नव्हतो. 'बघू नंतर' हे दोन शब्द जिभेवर तयार होते. ते मी गिळले. माझ्या आयुष्यात मी गिळलेली ती सगळ्यांत जड गोष्ट असेल. शोभाने घरातून वहीचं पान आणि पेन आणून माझ्यापुढे धरलं. मी पेन घेतला आणि प्रणालीच्या हातात दिला.

"तू लिही. मी सांगतो."

उत्तर अजून आलेलं नाही, हेही इथेच सांगून टाकतो. यंदा धान निघाल्यावर तिने स्मरणपत्र स्वतःच लिहिलं, मला फक्त वाचून दाखवायला आली होती. 'सदर' आणि 'तरी' कुठेच नव्हतं. मी एक शब्द बदलला नाही.

पण त्या संध्याकाळी मी सांगत गेलो आणि ती गुडघ्यावर पाटी धरून, पाटीवर पान ठेवून लिहीत गेली. सोळा वर्षांत मी असा अर्ज सांगितला नव्हता. मिळणारच आहे अशा बेताने सांगत होतो. जागा किती लांब, किती रुंद. कोणत्या बाजूच्या बाभळी काढायच्या आणि सावलीसाठी कोणती एक ठेवायची. खड्डे कशाने भरायचे, पावसाचं पाणी कुठल्या अंगाने काढायचं. बाकीची पोरं जेवणं सोडून भोवती गोळा झाली आणि मध्ये मध्ये सुचवायला लागली. कोणीतरी तिला भरिताचा घास दिला आणि तिने लिहिता लिहिता तो खाल्ला.

मग ती थांबली. भिंतीला टेकवलेल्या चिखलाच्या बांबूंकडे तिने पाहिलं.

"सर, गोलचे खांब कायचे लिवू? बांबूचे?"

"लोखंडाचे लिही," मी म्हणालो. "आता उपटायचे नाहीत."